दुसऱ्याच्या हातचा घास

समोर राहणाऱ्या उषाबाईनं भाताचा घास पुढं केला आणि मंदाबाईच्या कुत्र्यानं, भुऱ्यानं, मान फिरवली. रागानं नव्हे. नको असलेला पदार्थ वाढायला आला की पंगतीतला समंजस पाहुणा जसा पानावर हात आडवा धरतो, तशी त्यानं मान आडवी केली.

"घे न रे बाबू, झिंगे हायेत आज त्यात," उषाबाई म्हणाली. "माह्या नवऱ्याले नाई वाढले, तुह्यासाठी ठेवले."

तिचा नवरा हिरालाल समोरच्या ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "तरीच! मी म्हटलं, आज कालवणात नुसतं पानी काहून हाय."

मंदाबाईला हसू आलं नाही. भुऱ्याला आपण दिसू नये म्हणून ती दाराच्या आड उभी होती. पण ती तिथं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं उषाबाईच्या हाताकडे पाठ केली आणि दाराच्या फटीकडे तोंड करून बसला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्याची दशा झाली होती.

मंदाबाईला कायमचं न्यूझीलंडला जायचं होतं. दामिनी, तिची एकुलती एक मुलगी, तिथं एका दवाखान्यात नर्स होती. आईला बोलावून घेण्यासाठी तिनं फार वर्षांपूर्वी अर्ज करून ठेवला होता. त्या देशात अशा अर्जांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याची निघेल त्याचा नंबर लागतो. नवरा गेल्यावर मंदाबाई कोंढा या गावी एकटीच राहिली, धानाच्या बांध्या बटाईनं कसायला दिल्या, एकदा न्हाणीत पाय घसरून पडली आणि उषाबाई येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण ते ऐकून दामिनी तिकडे फोनवर हमसून हमसून रडली. आणि मग चिठ्ठी निघाली. होळीच्या आत तिथं पाय टेकायला हवा होता. नाही तर परवानगी रद्द, आणि पुन्हा नंबर लागेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं.

मंदाबाईनं कपाट देऊन टाकलं, भांडी वाटली, गोधड्या वाटल्या. राहिला तो भुऱ्या.

तो असा कोणी केला, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. तिनंच केला होता. जंगल जवळ, म्हणून रानडुकरं धानात शिरतात, आणि त्यांना मारायला काही लोक कणकेच्या गोळ्यात बारूद भरून शेताच्या धुऱ्यावर ठेवतात. भुऱ्याच्या आधीच्या कुत्र्यानं असाच एक गोळा तोंडात धरला होता. त्याला ज्या रूपात घरी आणलं ते मंदाबाई अजून कोणाला सांगत नसे. नंतर भुऱ्या आला, मुठीएवढा, आणि तिनं ठरवलं की हा जमिनीवरचं काही खाणार नाही आणि माझ्या हाताशिवाय कोणाच्या हातचं खाणार नाही. त्यासाठी तिनं सगळी गल्ली कामाला लावली. ज्यानं त्यानं पिल्लाला पोळीचा तुकडा द्यायचा, आत ठेचलेली मिरची भरून. बाया हसत हसत यायच्या. उषाबाई तर रोज यायची. जमिनीवर टाकलेल्या तुकड्यात मिरची, ताटलीत मिरची, परक्या हातात मिरची. एकट्या मंदाबाईच्या हातात गोड भात. महिन्याभरात पिल्लू शिकलं, आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पाहुणे आले की मंदाबाई मुद्दाम त्यांना पेढा द्यायला लावी आणि भुऱ्या मान फिरवी. तिला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा!

"आई, घेऊन ये त्याले," दामिनी म्हणाली होती. "मी सगळं पाहतो. पण इथं सरळ नाई आनता येत. मधल्या एका देशात सहा महिने ठेवा लागते, मंग इथं आल्यावरही काही दिवस सरकारी जागेत. तिथली मानसं खाऊ घालतात. चांगले असतात ते लोक."

चांगले असतील. त्यांच्या हाताला मिरचीचा वासही नसेल. पण भुऱ्याला ते कोण समजावून सांगणार?

तरी तिनं करून पाहिलं. कुत्री परदेशी पाठवण्याचं काम करणारा एक माणूस नागपुरात होता. त्याच्या आवारात भुऱ्याला ठेवून ती परत आली. तो माणूस फोनवर रोज सांगायचा, "मावशी, भूक लागली की खाईल, सगळेच खातात." मग एके दिवशी त्याचा आवाज बदलला. "मावशी, येऊन जा." ती मिळेल त्या गाडीनं गेली. भुऱ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडला होता. तिनं ओंजळीत पाणी धरलं तेव्हा त्याची जीभ तिच्या तळव्यावर वाळल्या पानासारखी लागली. पिंजऱ्यात ताटली भरलेली होती, मटण होतं त्यात. तो माणूस हात जोडून म्हणाला, "याला मी विमानात चढवणार नाही. पाप मला नको."

म्हणजे नेता येत नव्हतं. आणि ठेवता तरी कुठं येत होतं? उषाबाई ठेवायला तयार होती, मनापासून तयार होती. पण जो कुत्रा नागपुरात मरायला टेकला तो कोंढ्यातही मेला असता. फरक एवढाच की इथं तो समोरचं कुलूप लावलेलं दार पाहत मेला असता.

"वैनी, रागावू नका," हिरालाल ओट्यावरून उतरत म्हणाला. "मी खरं सांगतो. ढोराच्या डाक्टरले बोलवा. एक सुई. त्याले समजनार पन नाई. उपाशी मरण्यापेक्षा..."

"तुमची जीभ झडो!" उषाबाई ओरडली.

"माही झडली तरी त्याचं पोट भरते का?"

 ही गोष्ट मंदाबाईच्या मनात आधीच येऊन गेली होती, आणि एकदा नव्हे. डॉक्टर सुईऐवजी गोळीही देत असेल. भातात कालवली की झालं. ती गोळी भुऱ्या फक्त एकाच माणसाच्या हातून घेईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटा घेतला. भिवापुरी मिरच्या घेतल्या, लालभडक, आणि मीठही न घालता वाटल्या. उषाबाई ताकाचा तांब्या द्यायला आली ती दारातच थांबली.

"हे कोनासाठी?"

"त्याच्यासाठी."

"मंदाबाई!"

"तुह्या हाताची भीती मी घातली न? मंग माह्या हाताचीपन मीच घालतो. माह्या हातानं तोंड पोळलं, की तो दुसरा हात शोधीन."

उषाबाईनं तिचा दंड धरला. मंदाबाईनं तो सोडवून घेतला. तिनं भातात मिरची कालवली, पांढरा भात लाल होईपर्यंत कालवली, आणि अंगणात जाऊन उकिडवी बसली. भुऱ्या शेपटी हलवत आला. तिनं घास पुढं केला.

त्यानं खाल्ला. लगेच थांबला. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, तो शिंकला, पुन्हा शिंकला, जमिनीवर तोंड घासून आला. आता भुंकेल, आता पळेल, आता चावेल, असं मंदाबाईला वाटलं. चाव रे, ती मनात म्हणत होती, एकदा चाव.

भुऱ्या पुन्हा तिच्यासमोर बसला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं.

तिनं दुसरा घास दिला. त्यानं तोही घेतला. कण्हत कण्हत घेतला, पण घेतला. तिसऱ्या घासाला थोडा भात सांडला. सांडलेल्या भाताला तो शिवला नाही. हातावरचा मात्र त्यानं चाटून पुसून नेला.

तिला त्या क्षणी भुऱ्याचा भयंकर संताप आला. हा मला जाऊ देत नाही. जनावराची जात, एवढंसं कळू नये? तिनं थाळी भिंतीवर भिरकावली. भुऱ्या दचकून मागं सरला आणि मग हळूहळू, पोट जमिनीला घासत, पुन्हा तिच्या पायाशी आला. तो अजून शिंकत होता. उषाबाईनं ताकाचा तांब्या तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली. मंदाबाईनं भुऱ्याला ओंजळीनं ताक पाजलं. तिची बोटं पेटल्यासारखी जळत होती.

तेवढ्यात फोन वाजला. दामिनी.

"आई, तिकिटाचं आज सांगतो म्हणली होतीस तू. भुऱ्यानं खाल्लं का?"

"खाल्लं."

"उषामावशीच्या हातचं?" आवाज एकदम उजळला.

"माह्या."

पलीकडून बाळाच्या कुरकुरण्याचा आवाज आला. नात चार महिन्यांची झाली होती आणि मंदाबाईनं तिला फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं.

"दामिनी, मी येत नाई."

"काय?"

"येत नाई म्हणतो मी."

"कुत्र्यासाठी?"

गुडघ्यांचं सांगावं, थंडीचं सांगावं, तिथं मला कोण ओळखतं असं म्हणावं, असं मंदाबाईच्या मनात आलं. सगळं तोंडाशी आलं. पण ती म्हणाली, "हाव. कुत्र्यासाठी."

"आणि मी? मी कोन तुही?" दामिनी आता ओरडत होती. "मी इथं रात्रपाळी करतो, तुहा जावई दिवसा कामाले जातो. पोरीले कोनाच्या हातात देऊ, सांग न! तुही परवानगी गेली तर पुन्हा नाई भेटत, माहीत हाय न तुले? मले यायले किती वर्षं लागतील, ते पन माहीत नाई. आई, बोल न!"

 जे खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तू कोणाच्याही हातचं खाशील, बाई. एवढंच खरं होतं, आणि हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

फोन बंद झाला.

"पागल झाली का वो तू?" उषाबाई फणकारली. तिचे डोळे भरले होते. "हे कुत्रं अजून किती वर्षं जगीन? चार? पाच? मंग? मंग कोन नेईन तुले?"

"कोनी नाई."

"आनि तो मेल्यावर इथं बसून काय करशीन?"

"माहीत नाई, उषाबाई. मले काहीच माहीत नाई." ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "तू उद्या भात घेऊन ये. परवापन ये."

"आता कायले? जात नाईस न तू?"

"मी काय अमरपट्टा बांधून आली का? त्याच्या आधी मीच गेली तर?"

उषाबाईनं रिकामा तांब्या उचलला. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "अन् मीच गेली तर?"

"मंग हिरालालभाऊले शिकवू."

"त्या मानसाले? तो भुऱ्याचाच भात खाऊन टाकीन."

दोघीही हसल्या नाहीत. उषाबाई रिकामा तांब्या घेऊन गल्ली ओलांडून गेली.

मंदाबाईनं डाव्या हातानं फोन घेतला आणि दामिनीला लावला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. घंटी वाजत राहिली, वाजत वाजत आपोआप थांबली. तिनं पुन्हा लावला.