यादोरावांच्या जीपच्या अंगात येतं

यादोरावांचा मुलगा इश्वरने जीपला वेग दिला आणि शाळेजवळ येताच तिला कापरं भरलं. वरचा टप हादरला, खालून गुरगुर ऐकू आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमलेल्या अख्ख्या दिघोरीने हात जोडले.

"आली! माय आली!" गावचा मांत्रिक कवडूबाबा लिंबाचा डगळा हलवत ओरडला. "शांत हो माय, लेकरं चुकली!"

इश्वरने घाबरून पाय काढला. गाडी मंदावली, कापरंही थांबलं.

"पाहा! लिंब दाखवला अन् थंडावली!"

बाबाने नुसतं बोट दाखवलं असतं तरी थंडावलीच असती. पण गर्दीपुढे असं बोलायची सोय नसते.

मी तिथे गुरांचा डॉक्टर होतो. साल अठ्ठ्याहत्तर. म्हैस आजारी पडली की आधी कवडूबाबा आणि मरायला टेकली की मी, असा गावाचा शिरस्ता होता. त्यामुळे आमच्या दोघांच्या प्रेमाविषयी विचारू नका.

त्या दिवशी मात्र मला राहवेना. इश्वरची नवी बायको चंद्रकांता ओसरीवर लोखंडी पेटीजवळ उभी होती. डोळे रडून सुजलेले. तिला शहापूरला माहेरी सोडायचं ठरलं होतं. ती आली आणि गाडी कापू लागली, म्हणून ती पांढऱ्या पायाची, असा बाबाचा निवाडा होता. देवी धाईपर्यंत, म्हणजे तृप्त होईपर्यंत, तिने परत यायचं नाही. देवी कधी धाईल, हे अर्थात बाबाच सांगणार होता.

मी तिचे सासरे यादोराव यांना सवयीने विचारलं, "आजार कधीपासून?"

"सून आली तवापासून, डाक्टरसाहेब. लग्न झाल्यावर मांडवपरतणीले तिच्या माहेरी दोघंच निघाले अन् गाडी कापाले लागली."

"त्याआधी गाडीला काही केलं होतं?"

"काहीच नाही जी. फक्त उंच करून घेतली."

लिलावातली ती जुनी लष्करी जीप यादोरावांनी हौसेने घेतली होती. पण आपल्या धानाच्या बांध्या तिला ठाऊक नव्हत्या. प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिचं पोट टेकायचं. वरात मध्येच अडकली तर पाहुण्यांत नाक कापलं जाईल, म्हणून लग्नाआधी लोहाराकडून चाकांवरच्या लोखंडी कमानीत जास्तीचे पाटे घालून त्यांनी गाडी चांगली वीतभर उचलून घेतली होती.

"वरातीत कापली का?"

"छ्या! दहा-बारा जन कोंबले होते, तरी मस्त चालली."

तेवढ्यात चंद्रकांता खाली मान घालूनच बोलली, "डाक्टरसाहेब, धान भरलं का गाडी कापत नाही. बाबाच्या घरी पोते उतरवले का वापस येताना कापते. मी रोज पाहून राहिली आहो."

"मायच्या नावाचं धान असते, म्हणून माय खुश राहते!" कवडूबाबा गरजला.

"मग आज शेणखत भरून पाहू," मी म्हणालो.

"अरारा! मायच्या गाडीत शेण? गावाचा इस्कोट होईन! नदी उलटी वाहीन!"

यादोराव चपापले. पण त्यांच्या पत्नी निर्मलाबाई पदर खोचून पुढे आल्या. "बाबाकडं धान वाहून वाहून आमची साठवणीची ढोली रिकामी झाली. शेणखतानं आनखी काय बिघडणार हाय? भरा रे!"

पोरांनी पोती भरली. बाबाला आणि त्याच्या लिंबाला मी गाडीपासून लांब उभं केलं. इश्वर सुसाट निघाला, शाळा ओलांडून बोडीपर्यंत, म्हणजे पलीकडच्या तळ्यापर्यंत, जाऊन आला. गाडी तसूभर कापली नाही.

"माय शेणखतानंही धाली!" कुणीतरी म्हणालं आणि बायाही पदराआड हसू लागल्या.

"आता पोती उतरवा. आणि इश्वर, काही झालं तरी पाय काढू नकोस."

रिकामी गाडी कापू लागली. बाबाने डगळा हलवला, आणखी हलवला, सगळा पाला झडून हातात काडी राहिली, तरी गाडी कापतच होती.

मग मी रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली शिरलो आणि एकेकाला वाकायला लावलं. इंजिनाचं बळ मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा तिथे असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याचे दोन भाग एकात एक सरकतात. गाडी उचलली तसा चाकांचा आस इंजिनापासून खाली गेला, शाफ्टची लांबी मात्र तीच राहिली. तो जास्तच तिरपा झाला आणि आतला भाग बाहेर ओढला गेला. पूर्वी आत झाकलेलं लोखंड उघडं पडून चकाकत होतं. जेमतेम दोन बोटं आत शिल्लक होती. असा दांडा वेगाने फिरला की गाडी हादरणारच. ओझं भरलं की कमानी दबतात, दांडा सरळ होऊन आत शिरतो आणि हादरे थांबतात. ओझं धानाचं की शेणाचं, हे दांड्याला कळत नाही.

"एखाद्या मोठ्या खड्ड्यात हा निखळला असता," मी म्हणालो, "आणि शहापूरच्या वाटेवर गाडी उलटली असती."

कवडूबाबाला अचानक जपाची वेळ आठवली. निर्मलाबाईंनी गाडी हळूहळू त्याच्यामागे पाठवली ती धान परत आणायलाच. भरलेली गाडी न कापता घरी आली. दुसऱ्या दिवशी जास्तीचे पाटे निघाले आणि तिचा आजार कायमचा गेला.

त्या दिवशी मात्र, गर्दी पांगण्याआधीच, यादोरावांनी पेटी स्वतः उचलली. "चाल बाई, घरात चाल."

चंद्रकांता हलली नाही. "मामाजी, गाडीखाली कोनी वाकून पाहिलं नाही. माह्या पायाकडं मात्र साऱ्या गावानं पाहिलं."

यादोरावांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. रस्त्यावर एवढी गर्दी, पण कुणीच मान वर करेना. ती आपल्या पायांनी आत गेली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा. काय बदललं? कधी बदललं? ते पुन्हा पहिल्यासारखं केलं तर काय होतं? एवढं विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही, मी तर गुरांचाच होतो. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या लेकीची पेटी गाडीत चढू देऊ नका.