माळ्यावर सात दिवस, त्यातले पाच

पान १

मॅडम, डायरी लिहायला परवानगी आठव्या दिवशी. आज सहावा. म्हणजे या पानाचा फोटो उघडताच तुम्हाला कळेल की निपाणीच्या रचना मधाळेनं नियम मोडलाय.

मोडलाय. काल सकाळी, अकराच्या सुमाराला.

हे घाबरून लिहायला हवं होतं. पण हात इतका पळतोय की घाबरायला मध्ये जागाच सापडेना! पाच दिवस पेन हातात नव्हतं. शाई केवढी निळी असते!

खासबागच्या वर्गात तुम्ही आम्हा अकरा जणांना पहिल्याच तासाला सांगितलं होतं: ही जपानी मोरिता पद्धत शिकायची तर आधी स्वतः सात दिवस निजून काढायचे. जेवण, आंघोळ, संडास, एवढ्यालाच उठायचं. फोन नाही, पुस्तक नाही, टीव्ही नाही, कुणाशी बोलणं नाही. मनात येईल ते येऊ द्यायचं. भीती आली तर भीती, रडू आलं तर रडू. दुरुस्त करायला जायचं नाही. ज्यानं हे केलं नाही, त्याला समुपदेशक म्हणून कुणासमोर बसता येणार नाही.

तिथल्या खोलीत खाटा दोनच. माझा नंबर दिवाळीनंतर लागला असता. म्हणून म्हटलं, घरी करते. तुम्ही म्हणालात, घरी जमत नाही. मी म्हटलं, माझं जमेल.

हे झालं पान एक. अर्धी बाजू कोरी सोडलीय. तुम्ही जे पाठवाल ते तिथं लाल पेनानं उतरवून घेईन. मॅडम, मला काढून टाकणार का, तेवढं आधीच सांगाल?

लाल: नाही सांगणार. काय वाटतंय ते नंतर. काय केलंस ते क्रमानं लिही. — दिपाली हुंदरे

पान २

दिवस पहिला. निजले. उठले, जेवले, निजले. सुट्टीच की!

दिवस दुसरा. माळ्यावर होते. पूर्वी आत्या तिथं विड्यांची पानं ठेवायची, लाकडाला अजून तो वास आहे. फळ्यांच्या फटींतून खालचं सगळं ऐकू येतं. कान बंद ठेवायचा नियम तुम्ही सांगितला नव्हता.

आत्या म्हणजे तानीबाई, वडिलांची थोरली बहीण. आई-वडील गेल्यापासून मला आणि माझ्या भावाला, प्रशिकला, तिनंच वाढवलं, मांडीवर सूप घेऊन, विड्या वळत. तिला दिवसा आडवं झालेलं मी कधी पाहिलं नाही. तापातसुद्धा भिंतीला टेकून वळायची.

आणि आता तिची एम. ए. झालेली भाची भर दुपारी माळ्यावर.

दुपारी समोरच्या रुक्माबाई आल्या.

"तानाक्का, रचना दिसंना गं दोन दिस?"

"हाय की वर."

"निजलीया? आत्ता? काय झालंय?"

मॅडम, तिनं सांगायला हवं होतं, शिक्षण चाललंय म्हणून. मी तिच्याकडून तसं पाठ करून घेतलं होतं.

"कावीळ झालीया," आत्या म्हणाली.

संध्याकाळी जेवणाच्या ताटात उसाच्या रसाचे तीन पेले आणि फुटाण्यांची पुडी. ताट प्रशिकनं आणलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. बोलायचं नव्हतं. तो खाली जाऊन आत्याला म्हणाला, "आत्या, तू कावीळ का सांगितलीस?"

"मग काय सांगू? कायबी झालेलं न्हाय तरी निजलीया म्हणून? बिगर दुखण्याचं दिवसा कोण निजतंय रं? उद्या हिला बघायला कोण आलं तर ती माणसं काय म्हणतील, आळशी म्हणतील! काविळीला कोण नाव ठेवत न्हाय."

लाल: तू रस प्यायलीस?

तिन्ही पेले. संकेश्वरच्या कारखान्याकडं जाणारा ऊस होता म्हणे, कुणीतरी ट्रॅक्टरवरनं ओढून घेतलेला. गोड होता.

पान ३

फॉर्मवर 'या प्रशिक्षणाला का यायचंय' असं विचारलं होतं. मी 'समाजसेवेची आवड' लिहिलं होतं. खोटं. चारपेक्षा जास्त माणसं समोर आली की माझा आवाज थरथरतो. कॉलेजात पेपर वाचायला उभी राहिले तेव्हा आवाज असा झाला, पावसात भिजलेली स्कूटर किक मारल्यावर करते तसा. कुणी हसलं नाही. तेच वाईट. खाली बघत बसले. मी अर्ध्यात उतरले आणि त्यानंतर कुठंच उभी राहिले नाही. मला वाटलं, दुसऱ्यांसाठी शिकता शिकता माझं गुपचूप निघून जाईल.

लाल: माहीत होतं. पुढे.

माहीत होतं??

लाल: पुढे.

दिवस तिसरा.

वासे सोळा.

पाल.

वासे सोळा. पाल पंधराव्यावर.

कॉलेज. स्कूटर. स्कूटर. स्कूटर.

पाल गेली. कुठं गेली? कुठं गेली पाल?

रस, दोन पेले.

रडले. दुरुस्त केलं नाही.

वासे सोळाच.

दिवस चौथा. मॅडम, हा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा! सकाळी जाग आली आणि खाली आत्या कढई घासत होती. तिचं मनगट दुखतं, तळाला जोर लागत नाही, ते घासण्याच्या आवाजावरनं कळत होतं. आणि मला ती कढई घासायची होती. अशी घासायची होती की काय सांगू! राख घेऊन, काथ्या घेऊन, कडेपर्यंत. मग अंगण झाडायचं होतं. प्रशिकच्या शर्टाचं बटण लावायचं होतं. विहाराच्या पायरीवर बसून चार बायकांशी उगाच भांडायचं होतं. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचं होतं. सगळं करायचं होतं, आत्ताच्या आत्ता, आणि आवाज थरथरत होता की नव्हता याचा पत्ताच नव्हता, कारण कुणाशी बोलायचंच नव्हतं.

मी गादीच्या कडा धरून निजून राहिले. हसत होते एकटीच. आत्यानं खालून ऐकलं असेल, कारण ती म्हणाली, "डोस्क्यावर गेली वाटतं कावीळ."

लाल: चौथा दिवस चांगला झाला. पाचवा लिही. एकदम लिही, मध्ये फोटो पाठवू नकोस.

पान ४ (एकदम)

पाचव्या दिवशी सकाळी गल्लीत रिक्षाचा आवाज. परशराम मामाची रिक्षा, तिचा आवाज आमच्याकडं पोरंसुद्धा ओळखतात. आणि बायकांचा गलका. नीट ऐकलं.

रुक्माबाईंना कावीळ झाली होती. म्हणजे त्यांनी तसं ठरवलं होतं. "रचनाला झाली तीच मलाबी. अंग उचलत न्हाय, अन्न गोड लागत न्हाय, रात उघड्या डोळ्यानं जाती. तिचं वय तरनं हाय, रसावर भागंल. मला डागच घ्याया पायजे."

डाग. तुम्ही येळ्ळूरच्या, तुम्हाला सांगायला नको. लोखंडी सळई तापवून दंडावर टेकवतात. तीन कोसांवर एक जण देतो. त्याच्याकडं चालल्या होत्या.

वर माझं डोकं कसं चाललं ते लिहिते. पहिलं: आत्या सांगेल. (आत्या गप्प.) दुसरं: प्रशिक सांगेल. (प्रशिक ड्यूटीवर.) तिसरं: उठलं तर पाच दिवस गेले, जागा गेली, दिवाळी. चौथं: खाली किती बायका असतील? आवाजावरनं बारा. पाचवं: बारा!

रिक्षा सुरू झाली.

मी शिडी उतरले. शेवटच्या तीन पायऱ्या नव्हे, उडीच. केस सुटलेले, अंगावर पाच दिवसांचा चुरगळलेला गाऊन. उंबऱ्यात आत्यानं दंड धरला. हळूच म्हणाली, "वर जा. तुझी परीक्षा हाय."

म्हणजे मी पाठ करून घेतलेलं नुसतं पाठ नव्हतं! सगळं कळलेलं होतं तिला!

मी बाहेर गेले. बारा नव्हत्या, सतरा-अठरा होत्या. सगळ्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, पिवळे आहेत का म्हणून.

मी म्हटलं, "मला कावीळ नाही."

आवाज थरथरला. स्कूटर. तीच. जराही कमी नाही. मॅडम, मी वाट बघितली की आता जाईल, आता जाईल. थरथर नाही गेली. त्याच आवाजात मी पुढचं बोलले. "मला कधीच नव्हती. मी शिक्षणासाठी निजले होते. रुक्माबाई, माझं बघून तुम्ही डाग घेऊ नका. आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासू. मी येते बरोबर."

"शिक्षणासाठी निजलीस?" मागनं कुणीतरी म्हणालं. "आमच्या नातवाला सांगू नकोस गं, तो रोज घेतोय हे शिक्षण!"

हशा. मी पण हसले, आणि हसणंसुद्धा थरथरत होतं.

"मग कावीळ म्हणून सांगितलं कुणी?" रुक्माबाई रिक्षातनं आत्याकडं बघत होत्या. "तानाक्का? मी तुझ्या पोरीसाठी दोन कोस चालून ट्रॅक्टरवरनं ऊस ओढून आणला की गं."

आत्यानं पदर खोचला. "मी सांगितलं. खोटं सांगितलं. व्हय. आता उतरतीस का तिथनं, का मीच ओढू?"

"उतरत न्हाय. रिक्षा केलीया. दवाखाना तर दवाखाना."

परशराम मामानं विचारलं, "ठरवा लवकर, कुठं वळवू?"

दवाखान्याकडं वळवली. मी रुक्माबाईंच्या शेजारी, त्याच गाऊनवर, वरनं आत्यानं फेकलेली ओढणी. रक्त दिलं. संध्याकाळी कागद मिळाला: कावीळ नाही. रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात.

घरी आले. रात्री ताट सरकवताना आत्या म्हणाली, "चारचौघींत मला खोटी पाडलीस." मग थोड्या वेळानं, "लई कापत हुतीस. मला वाटलं पडतीस."

"मलाही वाटलं," मी म्हटलं.

संपलं, मॅडम. हे काल. मग मी कढई घासली.

(फोटो पाठवला, सात वाजून दहा. उत्तर नाही. सव्वासात. नाही. आठला दोन निळ्या खुणा. अजून नाही. अंगण झाडलं. पुन्हा झाडलं.)

लाल: वाचलं. थरथर गेली का?

नाही.

लाल: मग बोललीस कशी?

थरथरत.

लाल: बरं. आता नियमाचं. पाच म्हणजे सात नव्हेत. एकही दिवस धरणार नाही. पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी सकाळी नऊला खासबागेत ये. तुमच्या वर्गातला स्वरूप काल चौथ्या दिवशी खिडकीतून पळाला, त्याची खाट रिकामी आहे. तुला काढून टाकलेलं नाही.

मॅडम!!!! येते! पहिल्या बसनं येते! आठला दारात असेन. पुन्हा वासे मोजीन, कितीही असोत!

लाल: पत्रा आहे. वासे नाहीत.

पान ५

मॅडम, सोमवारपर्यंत एक अडचण आहे. आज सकाळपासून तीन बायका येऊन गेल्या. म्हणतात, "आमालाबी निजीव की. सात न्हाय तर दोन दिस." एकीनं उशी आणली होती. रुक्माबाई तर आत येऊन शिडीला हात लावून गेल्या. आत्या दारात बसून सगळ्यांना हाकलतेय, "हितं काय लॉज हाय का?" पण मध्येच माळ्याकडं बघते. काय करू? निजवू का?

लाल: कुणालाही निजवायचं नाही. ते उपचार आहेत, तुला अजून येत नाहीत. पण रुक्माबाईंना झोप नाही, अन्न नाही, आणि रक्ताच्या गोळ्यांनी ते सगळं भरून येईल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडं जा. कधीपासून, एवढंच विचार. सल्ला द्यायचा नाही. 'काळजी करू नका' म्हणायचं नाही. त्या उठ म्हणेपर्यंत बस. नंतर लिही. जड वाटलं तर त्यांना घेऊनच सोमवारी ये, मी बघते.

पान ६

गेले. रुक्माबाई उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या होत्या, सुपात पानं होती, हात चालत नव्हते.

मी खाली बसले. समोर एकच माणूस, तरी आवाज थरथरला. तसाच राहू दिला.

"रुक्माबाई, झोप कधीपासून नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गल्लीकडं बघितलं. सूप मांडीवरनं उतरवून भिंतीला लावलं.

"हे आजपतूर कुणी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "सगळी औषिदच सांगत्यात." मग उठल्या. "आत ये. दार लोटून घे. चा ठेवतो. लांबणारं हाय."

मॅडम, अडीच तास बसले. काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, फोटो कुणाच्याही हाती पडू शकतो. सोमवारी दोघी येतोय. परशराम मामा स्टँडवर सोडणार आहेत, साडेपाचला!