दिवेलागणीचा किडा

दिवेलागणीला सापाचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या आसगावची रीत. नाव घेतलं की तो येतो. म्हणून आम्ही त्याला किडा म्हणतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात वाढलेल्या माझ्या सुनेला कळलं नाही, त्याला मी काय करू?

सून शकुन. पोरगी कामाची, पण घर फिनाइलनं धुतल्यासारखं पाहिजे. त्यात मांडीवर पहिलं लेकरू.

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, धानाच्या तणसाच्या ढिगाखाली एक धामण राहायची. तिच्या धाकानं घरातल्या धानाच्या कणगीला, आमच्या ढोलीला, कधी उंदराचा दात लागला नाही. एका संध्याकाळी शकुन तणस ओढायला निघाली, तशी मी म्हटलं, "जपून वो. तिथं मोठा किडा हाय. डिवचू नको त्याले."

"मोठा किडा? आणि तुम्ही राहू देता?"

"काहून हाकलू? घरचाच हाय तो."

तिनं नाक मुरडलं. पुढच्या खेपेला माहेराहून किड्यांची पावडर घेऊन आली. मी धानाच्या बांधीतून परतले, तर सगळी सांदवाडी पांढरी, जशी पिठाची गिरणी.

"आता एक किडा राहणार नाही, आत्याबाई. बाळाची काळजी मिटली."

आधी मुंग्या गेल्या. मग बेडूक उलटे पडले. कोंबडीची पिल्लं माना टाकून मेली. शेवटी विहिरीपाशी धामण दिसली, बैलाच्या कासऱ्यासारखी लांब पडलेली.

"साप!" शकुन किंचाळली.

"आता ओरड! हाच तुया किडा."

"मग साप म्हणायचं ना!"

"अन् दिवेलागणीले नाव घेऊ?"

सांदवाडी मुकी झाली. मग उंदीर आले. ढोलीचं बूड पोखरलं. एका सकाळी बाळाच्या झबल्याचा दुधानं माखलेला बंद कुरतडलेला दिसला. उंदीर आले की त्यांच्यामागून येणारा येतोच, आणि तो धामणीसारखा गरीब नसतो. मी भिंतीतली बिळं चिंध्यांनी बुजवली. दुसऱ्या दिवशी चिंध्या बाहेर.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर तांदूळ पाखडत होते. बाळ माझ्यापुढं गोधडीवर पाय झाडत होतं. शकुन पायलीचं माप घेऊन धान काढायला ढोलीशी वाकली, आणि ढोलीखालून काळा फणा उभा राहिला. तिच्या हाताच्या पलीकडंच.

जिभेवर 'किडा' आला. जन्माची सवय. पण किडा म्हटलं असतं तर या बयेनं पायलीनं झटकला असता.

"शकुन, नाग! ढोलीखाली नाग हाय! हालू नको!"

तिचा हात तसाच राहिला. नागाचा फणा बाळाकडं वळला. हलत होतं ते एकटं बाळच. लेकरू त्याला पाहून खिदळत होतं. मी गोधडीचं टोक धरलं आणि ओढत गेले, बोटबोट, श्वास न घेता. बाळ उंबऱ्याबाहेर आलं. ढोलीमागं उंदीर चिरकला. नाग फणा मिटून तिकडं वळला आणि भिंतीच्या बिळात शिरला.

शकुननं बाळाला उचलून छातीशी धरलं. "आत्याबाई, परत येईल तो?"

"उंदीर हायेत तवर येईन."

रीत माझ्या सासूची होती, तिच्या सासूची होती. मी मोडली, आणि मोडली तर मोडली. आता अंधार पडताना माझ्या तोंडून सवयीनं 'किडा' निघाला की शकुन जागच्या जागी थांबते. "आत्याबाई, मुंगी की नाग?"

मी असेल ते नाव सांगते. मग दोघी कंदील घेऊन ढोलीखाली वाकतो.