एकोणिसावे कडवे

बुधवार, दिनांक १७ ऑक्टोबर १९२८, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. कडवी सत्तावीस.

त्या वेळी लेम्युएल व्हॅनोव्हर आमच्या गावातल्या बंद पडलेल्या खोगिरांच्या दुकानात, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्यांच्या मधोमध, मांडीवर बँजो घेऊन बसला होता. रेकॉर्ड कंपनीचे हॅलोवे साहेब त्याच्या तोंडापासून बरोबर अठरा इंचांवर मायक्रोफोन बसवत होते. यंत्र विजेवर फिरत नव्हते. टेनेसीच्या डोंगरात विजेवर भरवसा ठेवण्याइतके भाबडे कोणी कंपनीत नसावे. तारेला टांगलेले एक वजन सावकाश खाली उतरे आणि त्याच्या ओढीने मेणाची तबकडी फिरे. ते वजन दर खेपेस वर चढवण्याचे काम, तंत्रविद्यालयात शिकलेला गावातला एकमेव माणूस म्हणून, माझ्याकडे आले होते. वजन जमिनीला टेकायला तीन मिनिटे दहा सेकंद लागत. लेमचे एक कडवे वीस सेकंदांचे असे. भागाकार मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. तो मला कोणी विचारला नाही.

गाणे रूथी कॉलिअरचे होते. १८८१ साली ही मुलगी गिरणीच्या तळ्यात बुडालेली सापडली. गाण्याची पहिली सात कडवी तिचे केस, तिची फणी आणि सफरचंदाचे एक झाड यांत जातात. आठव्यात तिची शाल गिरणीत सापडते. नवव्यात लोक गिरणीवाल्याला ओकच्या झाडाखाली नेऊन त्याच्या गळ्यात दोर घालतात. दहाव्यात पाद्री घोड्यावरून येऊन त्याला सोडवतो, मग तुरुंग, मग पाऊस, मग रूथीच्या आईचा विलाप. एकोणिसाव्यात तिचा वाग्दत्त वर एसा प्रुइट भर प्रार्थनासभेत उभा राहून सांगतो की तिला मी ढकलले. उरलेली आठ कडवी त्याला फासावर पोचवण्यात खर्च होतात.

हे सारे खरोखर घडले होते. मात्र १८९३ साली न्यायालयाची इमारत कागदपत्रांसह जळाली, आणि तेव्हापासून गिरणीवाला निर्दोष असल्याचा एकच पुरावा जगात उरला होता: एकोणिसावे कडवे. गिरणीवाला हार्मन रॅटलिफ अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन अजून जिवंत होता. त्याची मुलगी डेल्फिया, जी आता गिरणी चालवत असे, ती त्या सकाळी दुकानाच्या कोपऱ्यात खिळ्यांच्या पिंपावर बसून होती. कशासाठी, हे सर्वांना ठाऊक होते.

पहिल्या खेपेस दहाव्या कडव्याच्या निम्म्यातच वजन टेकले. दुसऱ्या खेपेसही टेकले. तिसऱ्या खेपेस, थांबण्याची खूण म्हणून ठेवलेला लाल दिवा लागताच लेमने डोळे मिटून घेतले, म्हणजे तो दिसायला नको.

"मिस्टर व्हॅनोव्हर, तबकडी संपली."

"गाणं कुठं संपलंय पण?"

"लाल दिवा लागला की थांबायचं असतं."

"आमच्याकडं गाताना दिवे लागत नाहीत, साहेब. मोठी तबकडी आणा."

"एवढीच असते हो."

"मग लहान गाणारा आणा."

साहेबांनी तिसरे मेण बाजूला ठेवले आणि कपाळ पुसले. डेल्फिया पिंपावरून उठली.

"लेमकाका, मी सांगू? ती केस, फणी, सफरचंद, सगळं राहू द्या. पहिलं घ्या, आठवं घ्या, नववं घ्या आणि सरळ एकोणिसावं. चार कडव्यांत काम होतंय. बाबांचं नाव तेवढं सुटलं की झालं."

"पोरी, गाणं म्हणजे घेवड्याच्या शेंगा नव्हेत, दोन्हीकडून मोडून मधलं शिजवायला. आजीनं मला सत्तावीस दिली, मी सत्तावीस देणार. एक जरी गाळलं ना, तर म्हातारी थडग्यातून उठून हा बँजो माझ्या डोक्यात घालेल."

"तुमच्या आजीला दात नव्हते, काका. निम्मी कडवी कळायचीच नाहीत कुणाला."

"कळत नव्हती. पण होती!"

लेमची बाजू इथे नोंदवली पाहिजे, कारण आमच्याकडे ती सर्वमान्य होती. आमच्या खोऱ्यात गाणे जसे मिळाले तसे पुढे द्यायचे असते. माणसाने शेजाऱ्याचे डुक्कर पळवले तर त्याच्याशी दोन वर्षे बोलत नाहीत. कडवे गाळले तर त्याच्या मुलांशीही बोलत नाहीत. लेमपाशी जमीन फारशी नव्हती, काम करण्याची हौस त्याहून नव्हती. एकही कडवे न गाळणारा माणूस ही त्याची एकच मिळकत होती.

हॅलोवे साहेबांनी विचारले, "नवव्यात काय आहे म्हणालात?"

"दोर. गिरणीवाल्याच्या गळ्यात."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग तिथेच थांबा. पुढची नऊ दुसऱ्या तबकडीवर घेऊ, त्यापुढची तिसऱ्या. नऊ त्रिक सत्तावीस."

लेमने बँजोची एक खुंटी पिळली, पुन्हा सैल केली. "म्हणजे गाळायचं नाही. थांबायचं."

"फक्त थांबायचं."

"थांबायला माझी ना नाही. खोकला आला तर मी घरीसुद्धा थांबतो."

"तिन्ही तबकड्या बाजारात येतील ना, साहेब?" डेल्फियाने विचारले.

"येतील की, बाई," साहेब म्हणाले. त्या वेळी ते खोक्यावर पत्ता लिहीत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

दुपारपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस कडवी मेणात उतरली. एकोणिसावे तिसऱ्या तबकडीच्या अगदी आरंभी आले. डेल्फियाने तीनही तबकड्या खोक्यातल्या कापसात नीट बसल्या आहेत की नाहीत हे स्वतःच्या हाताने चाचपून पाहिले.

पुढच्या मार्चमध्ये रेकॉर्ड निघाली. एका बाजूला नऊ कडवी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा परराज्यातल्या मंडळींची नाचाची धून. डेल्फियाने कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की पहिल्या तबकडीचा खप पाहून पुढच्यांचा विचार होईल. खप अफाट झाला. तेव्हा तिने पुन्हा लिहिले. या वेळी उत्तर आले की पहिलीच इतकी खपत असताना पुढच्यांची आवश्यकता उरलेली नाही. थोडक्यात, न खपती तर पुढच्या काढण्यात अर्थ नव्हता आणि खपली म्हणून गरज नव्हती. न छापलेली मेणे तासून गुळगुळीत करून पुन्हा वापरायची, ही कंपनीची पद्धत होती. म्हणजे तोवर एकोणिसाव्या कडव्यावर बहुधा कोणीतरी हवाई बेटांची गिटार वाजवत होता.

लेम मात्र मोठा झाला. त्याने पांढरी हॅट घेतली. शाळाशाळांतून त्याचे कार्यक्रम होऊ लागले; भिंतीवरच्या कागदावर त्याच्या नावामागे 'डोंगरचा अस्सल आवाज' असे छापलेले असे. पहिल्या कार्यक्रमात त्याने नियमाप्रमाणे दहावे कडवे सुरू केले, तेव्हा मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या.

"ए म्हाताऱ्या, हे कुठलं? रेकॉर्डात नाही ते!"

"विसरला वाटतं गाणं. पदरचं घालतोय."

दुसऱ्या शाळेत तो दहाव्याच्या निम्म्यात थांबला. चौथ्या शाळेपासून नवव्यालाच बँजो खाली ठेवू लागला, आणि टाळ्यांची वेळही तीच होती. त्याच्या नावाने गाण्यांचे छापील पुस्तक निघाले. त्यात रूथी कॉलिअरची कडवी नऊ. मुखपृष्ठावर हॅट होती, हॅटखाली लेम होता.

आमच्या खोऱ्यात आधी सात ग्रामोफोन होते, वर्षभरात एकतीस झाले. ज्यांनी एकोणिसावे कडवे आईच्या मांडीवर ऐकले होते, ते आता म्हणू लागले की ते लेम पूर्वी जोडायचा तसले काहीतरी होते. छापलेल्या वस्तूबद्दल आमच्या लोकांना आदर फार. मक्याची पोती हळूहळू दुसऱ्या गिरणीकडे वळली. रविवारी शहरातून मोटारी येऊ लागल्या, तळ्याकाठी उभे राहून लोक फोटो काढू लागले. एका बाईंनी म्हाताऱ्या हार्मनलाच विचारले की त्या दोराचा तुकडा कुठे मिळेल. त्याने पोत्याची सुतळी कापून दिली.

"बाबा, हे काय करताय?" डेल्फिया म्हणाली.

"अगं, एवढ्या लांबून आली बिचारी. आणि फाशी गेलेल्या माणसाच्या मानाने मला भूक बरी लागते. भाकर वाढ."

एवढे बोलून तो हसला खरा. पण त्याच आठवड्यात त्याने चर्चमध्ये सभासद होण्यासाठी अर्ज दिला. आमच्याकडे बाप्तिस्मा घेऊनच सभासद होतात, आणि तो म्हातारपणी घेण्याची रीत आहे, पाप करण्याची ताकद संपल्यावर घेतलेला तो टिकतो म्हणून. हार्मनने तो इतकी वर्षे लांबवला होता. आता डॉक्टरने त्याच्या छातीला कान लावून हिवाळ्याचा भरवसा देता येत नाही असे सांगितले होते. सभासद व्हायचे तर हजर सभासदांच्या बहुमताने. आणि सभासद नसेल त्याला चर्चमागच्या दफनभूमीत, म्हणजे हार्मनच्या बायकोशेजारी, जागा नाही. डेल्फिया लेमच्या ओसरीवर गेली. मी तिथे त्याचा ग्रामोफोन दुरुस्त करत बसलो होतो.

"काका, येत्या शनिवारी बैठक आहे. तुम्ही सभासद आहात. गाणं तुमचं आहे. तेवढं एकदा पुरतं म्हणा."

"लोकांना नऊच आवडतात, डेल्फी. दहाव्याला उठून जातात."

"आजी थडग्यातून उठणार होती ना?"

"मी काही गाळलेलं नाही. मी थांबतो."

"सव्वा वर्ष थांबलाय. खोकला मोठा दिसतोय."

लेमने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि तिची कड बोटांनी साफ करू लागला. "येतो," तो म्हणाला. "म्हणतो पुरतं. माझं काय जातंय?"

शनिवार, १४ जून १९३०. चर्चचे वडीलधारे, एल्डर किलगोर, अध्यक्ष होते. त्यांनी अर्ज वाचून हरकत आहे का विचारले. बंधू टिप्टन उभा राहिला. वय पस्तीस, म्हणजे रूथी मेली तेव्हा त्याचा बापही बिनलग्नाचा.

"हरकत म्हणजे, माझ्याकडं रेकॉर्ड आहे. पैसे मोजून घेतलीय. तिच्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"पुढची कडवी आहेत," मागून कोणीतरी म्हणाले.

"असतील तर दाखवा."

डेल्फिया बोलायला उठली. ती सभासद नसल्यामुळे तिला बसवण्यात आले. लेम उभा राहिला. पण चर्चच्या छपराखाली ऐहिक गाणे गाता येत नाही, म्हणून ठराव मांडून, त्याला अनुमोदन मिळवून, सगळी बैठक बाहेर कुंपणापाशी नेण्यात आली. वाद्य नको, असाही ठराव झाला. लेमने हात मागे बांधले, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आवाज अजून चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. केस आले, फणी आली, सफरचंद आले. शाल सापडली. ओकखाली दोर आला. आणि लेम थांबला.

तो खोकल्यासाठी थांबला नव्हता. उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि त्याने हॅट किंचित उचलली, जसा तो शाळांमधून उचलत असे.

"पुढं, काका," डेल्फिया म्हणाली.

लेमने तोंड उघडले. मिटले. अशी गाणी मधून उचलता येत नाहीत. प्रत्येक कडवे मागच्याचा हात धरून येते. म्हणून त्याने पहिल्यापासून पुन्हा म्हटले आणि पुन्हा दोरापाशी हात हॅटकडे गेला. तिसऱ्यांदा त्याने वेग वाढवायचा प्रयत्न केला, की वेगात तरी उडी जाईल. नाही गेली. मी कुंपणाला टेकून सवयीने घड्याळ पाहत होतो. तिन्ही वेळा तीन मिनिटे.

"'घोड्यावरून पाद्री आला'," डेल्फियाने शब्द पुरवला.

"अर्जदाराच्या नातेवाइकांनी साक्षीदाराला शिकवू नये," एल्डर किलगोर म्हणाले.

"बंधू व्हॅनोव्हर," टिप्टनने विचारले, "आहे का पुढं काही?"

लेमच्या कपाळावरून घाम हॅटच्या कडेपर्यंत आला होता. त्याने डेल्फियाकडे पाहिले, मग हार्मनकडे. हार्मन काठीवर दोन्ही हात ठेवून, आपले नसलेले गाणे ऐकावे तसा शांत उभा होता.

"आहे," लेम म्हणाला. "ते... ते तिसऱ्या तबकडीवर आहे."

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले, आणि त्यात कुंपणापाशी उभ्या असलेल्या तीन आजीबाईही होत्या, ज्यांनी एकोणिसावे कडवे म्हणत आपापली मुले मोठी केली होती.

एल्डर किलगोर यांनी बैठक पुन्हा छपराखाली नेली, प्रार्थना म्हटली आणि अर्ज मताला टाकला.

हजर सदतीस. बाजूने सहा.