मांजलपूरला गेलेला टाक

चारुलतावहिनींच्या घरी गेले की मी आधी देवघराकडे बघते आणि मग त्यांच्याकडे. देवघरात आमचा टाक आहे. आमचा म्हणजे टिपणिसांचा, पण सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांपासून तो गावाबाहेरच्या मांजलपूरला वहिनींच्या संगमरवरी देव्हाऱ्यात बसलाय, म्हणून सगळे त्याला वहिनींचा टाक म्हणतात. बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर उमटवलेली एक उभी बाई, घासून घासून नाकडोळे गेलेली. टिपणिसांची देवी हीच, असं मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हापासून ऐकत होते. कुठली देवी, हे विचारलं की कोणी तुळजापूर म्हणायचं, कोणी कोल्हापूर.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सासूबाईंचं आजारपण आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात काढलं मी. त्यांची पेज मी केली, अंथरूण मी बदललं, रात्रीबेरात्री हाक मारली की मी उठले. वहिनी रविवारी मारुतीतून यायच्या, पपई आणायच्या, सासूबाईंचा हात हातात घेऊन बसायच्या आणि काळोख पडायच्या आत परत जायच्या. सासूबाई वारल्या त्याच्या महिनाभर आधी त्यांनी टाक नव्या खणात गुंडाळला आणि वहिनींच्या ओटीत घातला. तेव्हा मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी मूग शिजवत होते.

मला हेवा वाटतो, आणि तो मी लपवत नाही. गाडीचा नाही वाटत, कॉर्डलेस फोनचा थोडाफार वाटतो, टाकाचा मात्र पोटात दुखेपर्यंत वाटतो. दर नवरात्रात अष्टमीला सगळं कुटुंब मांजलपूरला जेवायला जातं. वहिनी घडियाळी पोळातल्या सोनाराकडून उजळून आणलेला टाक तबकात घेऊन येतात, सगळे वाकून नमस्कार करतात, आणि मलाही वाकावं लागतं. आमचे हे, वसंतराव, म्हणतात, "थोरल्या सुनेकडेच जातो तो, तू कशाला जीव जाळतेस?" त्यांचं काय जातंय.

मागच्या वर्षी गोविंदराव भाऊजींनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हातात पैसा नि वेळ आल्यावर त्यांना टिपणिसांचा कुलवृत्तांत छापायची हुक्की आली. खर्च त्यांचा. पायपीट माझी, कारण मी शाळेत इतिहास शिकवलाय आणि मला मोडी येते, जुनं गुजरातीही वाचता येतं. मी लगेच हो म्हटलं. भाऊजी खूश झाले, वहिनींनी मला साडी दिली. त्यांना काय ठाऊक माझ्या मनात काय होतं. टाकाची स्थापना दांडिया बाजारच्या घरात झाली असा कुठे लेखी पुरावा मिळाला, तर टाक त्या घराचा ठरला असता. तो कागद सगळ्यांसमोर ठेवायचा आणि टाक घरी आणायचा, एवढंच मला हवं होतं.

आजेसासरे वामनराव गायकवाडीत शिनोरला वहिवाटदार होते, तालुक्याचे मुख्य अधिकारी. टाक तिथूनच आला, इतकं घरात सगळ्यांना माहीत होतं. मी एसटीने शिनोरला गेले. तलाठी भला माणूस निघाला. "बेसो बेन, पहेलां चा पीओ," म्हणाला, चहा पाजला आणि जन्ममरणाच्या जुन्या नोंदी माझ्यापुढे आणून ठेवल्या. वामनरावांच्या मुलांचे जन्म सापडावेत म्हणून मी पानं उलटत होते, तेवढ्यात मरणाच्या बाजूला त्यांचं नाव दिसलं. वहिवाटदार वामनराव टिपणीस यांचं कुटुंब अहल्याबाई, वय वर्षं एकोणीस, बाळंतरोग.

मी ती ओळ परत वाचली. वामनरावांची बायको दुर्गाबाई, हे आमच्या घरातल्या पोरासोरांनाही माहीत. नऊवारी नेसलेला त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, म्हाताऱ्या होऊन गेल्या त्या. अहल्याबाई हे नाव त्या घरात कोणी कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चांदोदला गेले. बडोद्याच्या लोकांची श्राद्धं, अस्थी सगळं तिथेच, नर्मदेवर. तिथले उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या यजमानांची नावं वहीत ठेवतात. आमच्या उपाध्यांच्या नातवाने वही काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. वामनराव अहल्याबाईंच्या दिवसांना आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा आले ते नव्या कुटुंबाला घेऊन, दुर्गाबाईंना. बरोबर पहिलीचा चांदीचा टाक होता. त्याला नदीचं स्नान घालून तो दुसरीच्या हाती दिला.

नातू पुढेही वाचत होता, पण मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. माझी आत्या बिजवराला दिलेली. तिच्या गळ्यात सोन्याची पुतळी होती, ती तिच्या सवतीची. पहिली बायको मेली की तिचा जीव संसारात अडकतो, दुसरीचं सुख तिला बघवत नाही, म्हणून तिची प्रतिमा करायची आणि तिला मान द्यायचा. आत्या नवं लुगडं आधी त्या पुतळीला लावायची आणि मग नेसायची. कोणाकडे पुतळी करतात, कोणाकडे टाक.

म्हणजे संगमरवरी देव्हाऱ्यात बसलेली, रेशमी वस्त्रं आणि चांदीचं छत्र मिळालेली, सगळ्या टिपणिसांनी जिच्यापुढे डोकं टेकलं ती देवी नव्हती. ती सवत होती. बसमध्ये मला हसू आवरेना, शेजारची बाई सरकून बसली. टाक घरी आणायचा बेत मी तिथेच सोडून दिला. त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. अष्टमीला, सगळे जमलेले असताना, वहिनींनी तबक पुढे केलं की मी सांगणार होते.

अष्टमीला मी मुद्दाम लवकर गेले. आधी वहिनींना एकटीला गाठावं, त्यांचा चेहरा उतरताना जवळून बघावा, असं वाटलं. स्वयंपाकघरात त्या बासुंदी ढवळत होत्या. बाहेर सोसायटीत गरब्याच्या मांडवाचे लाउडस्पीकर तपासत होते.

"ये सुनेत्रा, मजेत ना? ते शाक जरा बघ, लागेल."

मी भाजीकडे ढुंकूनही बघितलं नाही. "वहिनी, टाकावरची बाई कोण आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. पळी थांबली नाही. "आपल्या आजेसासूबाईंची सवत."

"कोणी सांगितलं?"

"आईंनी. टाक दिला तेव्हाच."

"मग मला का नाही सांगितलं? मी त्यांच्या उशाशी होते रात्रंदिवस."

वहिनींनी गॅस बारीक केला. "नको विचारूस."

"विचारतेय."

त्या बासुंदीकडे बघतच बोलल्या. "आई म्हणाल्या, हिचं सगळं आधी करावं लागतं. आधी हिला पान, मग आपल्याला. सुनेत्रा करेल, माझं केलं तसं हिचंही करेल. पण दुसरी बाई आपल्या आधी जेवली की सुनेत्राच्या पोटात दुखेल. आणि टाकातली ही तर त्याच दुखण्याची. दोघींना एका घरात ठेवू नकोस."

मला भयंकर राग आला. मी त्या बाईचं अंथरूण बदलत होते आणि ती अंथरुणात पडून माझं माप घेत होती. खोटं असतं तर मी तिथेच भांडले असते, बासुंदी उलथवली असती. पण सासूबाईंनी मला बरोबर ओळखलं होतं. माझ्या आईनेसुद्धा मला इतकं ओळखलं नव्हतं, आणि ओळखून त्यांनी जे द्यायचं ते वहिनींना दिलं.

"तुला हवा तर आजच घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "खरंच सांगते. मला काही वाटणार नाही."

त्यांना काही वाटलं नसतं, हेच तर मला खुपत होतं. मी नेला असता तर रोज सकाळी पहिलं पान तिला वाढताना सासूबाईंचं बोलणं ऐकलं असतं. नाही नेला तर तो इथेच राहणार, आणि दर अष्टमीला मी वाकणार.

"राहू दे इथेच," मी म्हटलं.

वहिनींनी पदराने हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "एक विचारू? तिचं नाव काय होतं गं? दुर्गाबाईंनी सवतीचं नाव उभ्या जन्मात उच्चारलं नाही म्हणे. त्यामुळे आईंनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी रोज नुसतं 'बाई, जेवा' म्हणते, बरं नाही वाटत. तू शिनोरला जाऊन आलीस, कुठे लिहिलेलं असेलच."

त्या अगदी मनापासून विचारत होत्या. वहिनींचं सगळं मनापासूनच असतं.

"ओळ होती," मी म्हटलं. "पण शाई पार उडालीय. नाही लागलं नाव."

"अरेरे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

मंडळी जमली. वहिनींनी केळीच्या पानावर सगळं वाढलं, वर बासुंदीची वाटी ठेवली आणि पान टाकापुढे नेलं. पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "बाई, जेवा."

मी त्यांच्या मागे उभी होते. मीही हात जोडले आणि मनात म्हटलं, अहल्याबाई, जेवा. भरल्या घरात असं फक्त मलाच म्हणता येत होतं.