चौदा नंबरची प्रत

मी चौदा नंबरची प्रत बोलतेय. शाळेने एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती घेतल्या, त्यातली मी एक. नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता! पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यावर ओला डबा ठेवला आणि तोरा उतरला.

माझ्या गोष्टीत एक नावाडी आहे, तोंडाचा फटकळ. मुलं दहाव्या पानावर येतात आणि समासात 'दुष्ट' लिहून मोकळी होतात. म्हणून भाषेच्या बाईंनी एक शिस्त घातली. माणूस कसा आहे ते आधी लिहायचं नाही. त्याने काय केलं, तेवढंच शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचं. वर्ष संपलं की बाई पान खोडून पुढच्यासाठी कोरं करतात. बाई मला आवडतात. खोडरबर तेवढा हलक्या हाताने चालवावा.

गेल्या वर्षी मी आठवीतल्या एका मुलीकडे गेले. ती आत्याजवळ राहायची. आत्या कपडे शिवायची आणि मशीनच्या बरोबरीने तिचं तोंड चालायचं. "केस आवर. चपला बाहेर काढ. तुझा तो दिवा माझ्या डोळ्यांवर येतो. कधी एकदा मोठी होतेस आणि मी सुटते."

हे शेवटचं वाक्य मुलीच्या मनाला लागलं. तिने वसतिगृहाचा अर्ज आणला. त्यावर आत्याची सही हवी होती, पण मागायचा धीर होईना. अर्ज माझ्या एकशे बाराव्या पानात लपून राहिला.

एका सकाळी दप्तर भरताना मी तिच्या हातून पडले आणि माझी शिवण उसवली. मला तशीच टेबलावर टाकून ती शाळेत गेली.

"पुस्तक आहे की पायपुसणं?" आत्या रिकाम्या घराला म्हणाली. तिने जाड सुई घेतली, मला उचललं, आणि अर्ज खाली पडला. तिने तो उभ्यानेच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. दुपारपर्यंत मशीन बंद होतं. मला बारीक टाक्यांनी शिवून झाल्यावर तिने पेन शोधलं.

संध्याकाळी मुलीने मला उघडलं आणि ती गोरीमोरी झाली. "आत्या, तू हा कागद..."

"सही केलीय. काही राहिलं असेल तर सांग."

'पाल्याविषयी सूचना' या रकान्यात दोनच ओळींची जागा होती. आत्याने समासही भरून टाकला होता. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डावीकडून हाक मारावी. रागावली की जेवत नाही, ताट झाकून ठेवावं, थोड्या वेळाने येते. दिवा लावून झोपते, बंद करू नये. विचारलं तर भीती वाटत नाही म्हणेल.

मुलीने माझं शेवटचं पान उघडलं. मग तिने नावाड्याच्या यादीखाली रेघ ओढली आणि लिहिलं : पुस्तक शिवलं. सही केली. दिव्यावरून रोज बोलली, बंद एकदाही केला नाही.

"आत्या, मी जात नाहीये."

आत्याने मान वर केली नाही. "मग नुसती उभी राहू नकोस. सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाहीये."

वर्षाअखेरीस बाईंनी नावाड्याची यादी खोडली, रेघेखालचं वाचलं आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. माझ्यातला अर्ज परत देऊ लागल्या तर मुलगी म्हणाली, "राहू दे बाई. खूण म्हणून."

आता मी कपाटात तिसऱ्या फळीवर आहे. बाकीच्या प्रतींची पानं सुटू लागलीत, माझं एकही सुटलेलं नाही. उद्या मी तुमच्या वाट्याला आले तर नावाड्याला खुशाल नावं ठेवा, पण शेवटच्या पानापर्यंत येऊन. आणि तो कागद होता तिथेच राहू द्या.