सातशे ग्रॅम

विमान तीन दहाचं होतं आणि मी साडेअकरालाच विमानतळावर हजर होतो. हसा खुशाल. मला नावं ठेवायला लोकांकडे कारणं पुष्कळ आहेत, पण उशिरा आलो असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तर तिथे माझ्याआधी दोन-अडीचशे शहाणे येऊन उभे! पट्ट्या बांधून रांग अशी काही फिरवली होती, की एकदा आपलं तोंड काउंटरकडे, एकदा संडासाकडे. अकरा काउंटर, त्यातले चालू तीन. बाकीच्या आठांवर 'बंद'च्या पाट्या, आणि त्यातल्या एका पाटीमागे एक बाबाजी आरामात केळं खात बसलेला.

"काय हो हे?" मी पुढच्या गृहस्थांना म्हटलं. "आठ काउंटर काय शोभेला ठेवलेत?"

गृहस्थांनी कानातलं यंत्र काढलं, "आँ?" म्हणाले, आणि परत घातलं. संपलं संभाषण. हल्ली माणसं कान बुजवूनच घराबाहेर पडतात.

तसं बोलायला माझ्याकडे घरीही कुणी नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. सकाळी दूधवाला पिशवी अडकवून जातो, संध्याकाळी खालचा चौकीदार "बरं आहे ना?" म्हणतो, मी "बरं आहे" म्हणतो. झाला दिवस. आणि मुलगी, म्हणजे एकुलती एक, ती फोन करत नव्हती. दोन वर्षं. मी करायचो, ती "मीटिंगमध्ये आहे" म्हणायची. रविवारीसुद्धा.

मग गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पोटात गाठ आहे म्हणाली. ऑपरेशन ठरलंय, अमुक तारखेला सकाळी आठ वाजता. मी विचारलं, "कोण आहे तुझ्याबरोबर?" म्हणाली, "कोण असणार?" तिचा नवरा तीन वर्षांपूर्वीच वेगळा झालेला. मग म्हणाली, "बाबा, भूल द्यायच्या आधी कुणीतरी आपलं माणूस समोर दिसावं, एवढंच वाटतंय. याल का?"

"येतो," म्हटलं.

"नक्की याल?"

"अगं, येतो म्हटलं ना!"

तर ते ऑपरेशन उद्या सकाळी आठला होतं, आणि तिच्या गावाला दिवसातून एकच विमान जातं.

ती दोन वर्षं का बोलत नव्हती, तेही सांगून टाकतो. लपवून काय करायचंय? मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. सदतीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासले, खोट्या काट्यांना सील ठोकलं. खात्यात मला 'मिलिग्रॅम' म्हणायचे, तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'मिलिग्रॅम'. बायको हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती त्या संध्याकाळी तिला मोसंबं खावंसं वाटलं, म्हणून मी खाली उतरलो. फाटकाशी फळवाला. त्याने तोललं, आणि मला नुसत्या हातालाच कळलं की काटा मारतोय. उचकटून बघितला तर पारड्याखाली लोहचुंबक! मी निवृत्त झालेला, मला अधिकार काडीचा नाही, पण धरला त्याला. खात्यातल्या पोराला फोन लावला, तो येईपर्यंत हातगाडी हलू दिली नाही. तासाभराने मोसंबी घेऊन वर गेलो. मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, "आईनं तीनदा विचारलं, हे कुठे गेले म्हणून." विचारलं होतं, म्हणजे आता विचारणार नव्हती. अंत्यविधी होईपर्यंत मुलगी माझ्याशी नीट वागली. पुढची दोन वर्षंही फोन घेत राहिली, हं-हं करत राहिली. मग एके दिवशी मी बोलता बोलता सांगून गेलो की त्या फळवाल्याला दंड झाला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

माझी चूक मला कळत नव्हती असं नाही. कळत होती. पण जित्याची खोड.

सव्वा वाजता माझा नंबर लागला. काउंटरवरची मुलगी पंचविशीची असेल, डोळे तारवटलेले, पण बोलायला गोड. "या काका, बॅग ठेवा."

बॅगेत काय होतं सांगू? एक कुकर, एक कढई, दोन पातेली, डाळ, तांदूळ, आणि बायकोच्या हातची वही, कशात किती मीठ घालायचं ती. मुलीच्या घरी एकच पातेलं आहे असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. महिनाभर राहून तिला मऊ भात, वरण करून घालायचं, असं मी ठरवलं होतं. भात मला बरा जमतो आता. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. घरच्या काट्यावर, मी स्वतः तपासलेल्या काट्यावर, तीनदा तोलली होती. बावीस किलो नऊशे ग्रॅम. तिन्ही वेळा.

काउंटरच्या काट्यावर आकडा आला तेवीस किलो सातशे.

"शक्य नाही," मी म्हणालो.

"काका, सातशे ग्रॅमच जास्त आहे. जाऊ दे, मी सोडते." तिने बॅगेला चिठ्ठी चिकटवायला घेतली.

आता इथे कुणीही शहाणा माणूस "देव तुझं भलं करो" म्हणून पुढे गेला असता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो हाच. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोडते? म्हणजे मी चोर, आणि ही मला दयेने सोडणार?

"सोडते म्हणजे काय? माझी बॅग बावीस नऊशे आहे. तुझा काटा खोटा आहे."

"बरं काका, काटा खोटा. तुम्ही जा ना."

"ते 'बरं' नको मला. तपास."

कोटाच्या खिशात माझं पितळी एक किलोचं वजन असतं, शिक्का मारलेलं. लोक रुमाल बाळगतात, मी हे बाळगतो. बॅग उतरवली आणि ते ठेवलं. आकडा आला बरोब्बर एक किलो. मागच्या जांभळ्या शालीच्या बाई म्हणाल्या, "बघा, बरोबर तर दाखवतोय."

"बाई, हलक्याला खरा आणि जडाला खोटा, असा काटा सगळ्यात लबाड," मी म्हणालो. "असले शेकड्यांनी पकडलेत." आणि बॅग उचलून शेजारच्या काउंटरवर ठेवली, तिथल्या माणसाचं काम अर्धवट तोडून. बावीस किलो नऊशे. ओरडलोच मी. "बघा! बघा!"

खरं सांगतो, किती दिवसांनी इतकं बरं वाटलं! दहा-पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. एक जण "वा आजोबा" म्हणाला. चार वर्षांत माझ्याकडे एवढ्या माणसांनी एकदम बघितलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने हात जोडले. "काका, तुमचंच खरं. ही घ्या चिठ्ठी, हा पास. आत सिक्युरिटीला गर्दी आहे, पटकन जा."

दीड वाजत होता. गेलो असतो तर आरामात पोचलो असतो.

पण या काट्यावर सकाळपासून किती जणांच्या बॅगा चढल्या असतील? किती जणांनी त्या उघडून चपला आणि पुस्तकं बाहेर काढली असतील? मी म्हणालो, "हा काउंटर बंद कर आणि साहेबाला बोलाव. लेखी तक्रार करायचीय." ती म्हणाली, साहेब जेवायला गेलेत. म्हटलं, थांबतो. चिठ्ठी लावू दिली, बॅग पट्ट्यावरून गेली, पण मी काउंटरसमोरून हललो नाही. वीस मिनिटांनी साहेब तोंड पुसत आले. त्यांनी दोन्ही काट्यांवर एक खोकं ठेवून बघितलं, मान डोलावली, म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. काउंटर बंद करा." मुलीने पाटी उलटी केली. तीनाचे दोन झाले.

मग रांगेत काय कल्लोळ उठला म्हणता! "अहो आजोबा, सकाळपासून उभे आहोत आम्ही!" "तुमच्या सातशे ग्रॅमपायी आमची विमानं चुकायची!" जांभळ्या शालीच्या बाई माझ्याकडे न बघता बॅग ओढत दुसऱ्या रांगेत शिरल्या. ज्यांच्यासाठी भांडलो त्यातला एकही माझ्या बाजूने बोलला नाही. साहेबांनी कागद दिला. त्यात मी काट्याचा नंबर, वेळ, फरक, सगळं व्यवस्थित लिहिलं, खाली सही केली आणि घड्याळ बघितलं. दोन वाजून सात मिनिटं. गेट दोन पन्नासला बंद होणार होतं.

सिक्युरिटीला जाऊन बघतो तर ही रांग! एकाच यंत्रापुढे सगळे, आणि ट्रे संपलेले. माणसं पट्टे सोडून, बूट हातात घेऊन उभी. दोन वीस. दोन तीस. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि मला आठ वाजताची ती खोली दिसत होती. मुलगी हिरव्या झग्यात, डोक्याला टोपी, आणि दाराकडे मान वळवून बघतेय.

जन्मभर मी रांग मोडणाऱ्यांना खडसावलं. बिलाच्या रांगेत, तिकिटाच्या रांगेत, कुठे म्हणून सोडलं नाही. पण दोन पस्तीसला मी पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला. "जरा पुढे जाऊ द्याल का? माझी मुलगी आजारी आहे हो." आवाज माझा मलाच ओळखू येईना. तो सरकला. त्याच्या पुढचा सरकला. तिसऱ्याने वळून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हेच ते काट्यावाले! आजोबा, आता थांबा की रांगेत. आमचा अर्धा तास तुम्हीच खाल्लात."

चार माणसं हसली. मी थांबलो.

यंत्राशी पोचलो तेव्हा दोन त्रेपन्न झाले होते. जवानाने कोटातलं पितळी वजन बाहेर काढलं, उलटसुलट करून बघितलं. "हे काय आहे? हे आत नेता येणार नाही. चौकशी करावी लागेल."

"ठेवून घ्या," मी म्हणालो.

"पावती..."

"नको पावती. ठेवून घ्या, मला सोडा!"

आणि पळालो. एका हातात कोट, एका हातात पट्टा, विजार सावरत, एकाहत्तर वर्षांचा माणूस पळत होता. गेटवर पोचलो तर दाराला कुलूप आणि काचेपलीकडे विमान तसंच उभं! जीव भांड्यात पडला.

"मी आलो," मी तिथल्या माणसाला म्हणालो. "उघडा."

त्याने माझा पास बघितला. "गेट बंद झालं, सर. तुमचं नाव चार वेळा पुकारलं."

"पण विमान तर उभं आहे!"

"तुमची बॅग उतरवतायत, सर. माणूस चढला नाही की त्याचं सामान काढावंच लागतं."

काचेला नाक लावून मी बघत राहिलो. दोन पोरगे विमानाच्या पोटातून बॅगा काढून खाली रचत होते, एकेक चिठ्ठी वाचत होते. बारा मिनिटं लागली त्यांना. बारा मिनिटं ते विमान माझ्या कुकर-कढईपायी उभं होतं आणि मला त्यात बसता येत नव्हतं. मी हात जोडले, पाया पडतो म्हणालो, उद्या सकाळी ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "नियम आहे, सर," म्हणाला. हे वाक्य मी स्वतः किती जणांना म्हणालोय, त्याला गणती नाही.

विमान मागे सरकलं, वळलं, गेलं. पुढचं उद्या दुपारी तीन दहाला. रस्त्याने गेलो असतो तर दीड दिवस.

फोन लावायला मला अर्धा तास लागला. काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. रांग फार होती म्हणावं? खोटं नव्हतं ते. सिक्युरिटीने अडवलं म्हणावं? तेही खोटं नव्हतं. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं," मी म्हणालो, "विमान चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली.

"इथे ना, काटा खोटा होता गं. म्हणजे मी काही मुद्दाम..."

"बाबा, असू दे. जेवलात का?"

"अगं, माझ्या जेवणाचं काय घेऊन बसलीस! तू उद्या सकाळी एकटी..."

"एकटी नाहीये. शेजारच्या ताई येणार आहेत. त्यांनी रजा टाकलीय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. "तुम्ही काळजी करू नका."

"अगं, पण एवढ्या ऐन वेळी त्यांना रजा कशी मिळाली?"

"ऐन वेळी नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येतो म्हणालात ना, त्याच दिवशी मी त्यांना विचारून ठेवलं होतं."